त्सुकिजीत सुशीचं दुकान कसं निवडावं?

जपानात राहून आलेल्या माणसाला घरी परतल्यावर दोन प्रश्न हमखास विचारले जातात. एक, भूकंप होतो तेव्हा भीती वाटते का? दोन, सगळ्यात चांगली सुशी कुठे मिळते? पहिल्याचं उत्तर सोपं आहे : वाटते. दुसऱ्याचं उत्तर एका नावात देता येत नाही. मी शिष्यवृत्तीवर दोन वर्षं तोक्योत होतो आणि त्यातले बरेचसे शनिवार त्सुकिजी नावाच्या वस्तीत पायपीट करण्यात घालवले. तरी कुणी 'एकच नाव सांग' म्हटलं की मी गप्प बसतो. नाव सांगावं तर ते दुकान उद्या बंद झालेलं असतं, नाहीतर तिथे दोन तासांची रांग असते, नाहीतर तिथला भाव आपल्या खिशाबाहेरचा असतो. त्यापेक्षा दुकान ओळखायचं कसं हे कळलं तर ते कुठल्याही गल्लीत उपयोगी पडेल.

आपल्या मंडळातले दोघे-तिघे पुढच्या वर्षी तिकडे शिकायला जाणार आहेत असं कळलं, म्हणून हे एकदा नीट लिहून काढतो. शिष्यवृत्तीच्या पैशात महिन्यातून एखादंच बाहेरचं बरं जेवण परवडतं. ते फसलं तर पुढचे तीस दिवस डोक्यात राहतं. तेव्हा विषय खाण्याचा असला तरी तसा गंभीरच आहे!

बाजार गेला, दुकानं राहिली

त्सुकिजी या शब्दाचा अर्थ 'भराव घालून केलेली जमीन'. तोक्योचं जुनं नाव एदो. १६५७ साली एदोला मोठी आग लागली आणि त्यानंतर खाडीत भराव घालून ही वस्ती उभी राहिली. गिंझा हा तोक्योचा सर्वात महागडा भाग. तिथून पायी दहा-पंधरा मिनिटांवर त्सुकिजी. भुयारी रेल्वेच्या हिबिया मार्गावरच्या त्सुकिजी स्थानकातून वर आलात की समोर होंगान्जी हे भलंमोठं बौद्ध मंदिर दिसतं. १९३४ साली पुरं झालेल्या या इमारतीचा वास्तुकार इतो चुता भारतात हिंडून गेला होता. दर्शनी कमान पाहून आपल्या माणसाला अजिंठ्याच्या चैत्यगृहाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. परक्या शहरात ही खूण मला फार बरी वाटायची.

तोक्योचा मासळी बाजार पूर्वी निहोनबाशीला होता. १९२३ च्या भूकंपात तो बेचिराख झाला. मग बाजार त्सुकिजीला आला आणि १९३५ मध्ये इथली मोठी मंडई सुरू झाली. जगातल्या सर्वात मोठ्या मासळी बाजारांत तिची गणना व्हायची. ऑक्टोबर २०१८ मध्ये ही मंडई, म्हणजे लिलाव आणि घाऊक व्यापार, तोयोसूला हलवली. त्यांच्यासोबत आतल्या आवारातली सुशीची दुकानंही गेली. पहाटेपासून रांगा लागणारी सुशी दाई आणि दाइवा सुशी ही दोन नावाजलेली दुकानं आता तोयोसूला आहेत. जुनी पुस्तकं वाचून ती त्सुकिजीत शोधत बसू नका.

राहिला तो मंडईबाहेरचा बाजार. अरुंद गल्ल्या, सुमारे चारशे दुकानं. सुकवलेला मासा, नोरी म्हणजे समुद्री शेवाळाचे कागदासारखे पापुद्रे, चहा, लोणची, सुऱ्या, भांडी, ऑम्लेटं, आणि या सगळ्यात दाटीवाटीनं बसलेली सुशीची दुकानं. आपल्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जो हिंडला आहे त्याला इथे परकं वाटणार नाही. फक्त ओरडा कमी, आणि भाव करायचा नाही.

आता कुणी विचारेल, मासळी दोन-अडीच किलोमीटर लांब गेली तर त्सुकिजीची सुशी बिघडली असेल ना? नाही बिघडली. हे का, ते कळलं की दुकान निवडण्याची अर्धी विद्या हाती आली.

ताजा मासा आणि मुरलेला मासा

आपल्याकडे सर्वांचा समज असा की सुशी म्हणजे ताजा कच्चा मासा. पण सुशीचा उगम मासा टिकवण्याच्या खटपटीत आहे. फार पूर्वी मीठ लावलेला मासा शिजलेल्या भातात दाबून महिनोन्महिने ठेवत. भात आंबायचा, त्या आंबटपणामुळे मासा टिकायचा. खायचा तो मासाच, भात टाकून द्यायचा. बिवा नावाच्या सरोवराकाठी आजही असा मासा मुरवतात, त्याला फुनाझुशी म्हणतात. वास असा की पहिल्या खेपेला धीर लागतो.

पुढे एदोतल्या लोकांना इतका वेळ थांबायला सवड उरली नाही. आंबवण्याऐवजी भातात थेट व्हिनेगर घालायची रीत आली. १८२० च्या दशकात हानाया योहेई नावाच्या विक्रेत्यानं व्हिनेगरच्या भाताची मूद हातानं वळून, वर माशाचा तुकडा दाबून द्यायला सुरुवात केली, असं मानतात. हीच निगिरी. हातगाडीवर उभ्या उभ्या खायची गोष्ट होती ती, आपल्या वडापावासारखी. तेव्हाची मूद आजच्या दुप्पट-तिप्पट मोठी असायची.

तेव्हा बर्फ नव्हता. म्हणून एदोच्या कारागिरानं प्रत्येक माशावर काहीतरी केलं. कुपा सोया सॉसमध्ये भिजवला, छोटे रुपेरी मासे खारवून व्हिनेगरात बुडवले, वाम गोडसर पाण्यात शिजवली, कोळंबी उकडली. या पद्धतीला एदोमाए म्हणतात, म्हणजे 'एदोच्या समोरचं', अर्थात तोक्योच्या खाडीतलं. कारागीर या कामाला नुसतं 'शिगोतो' म्हणतात, म्हणजे 'काम'. अमुक दुकानात काम चांगलं आहे असं कुणी म्हटलं तर त्याचा रोख याच मुरवण्या-शिजवण्यावर असतो.

आता फ्रीज आहे, बर्फ आहे, तरी काम सुटलं नाही. याला कारण चव. मासा मेल्यावर त्याच्या स्नायूंतल्या ऊर्जाद्रव्याचं हळूहळू विघटन होतं आणि त्यातून इनोसिनिक आम्ल तयार होतं. जिभेवर जी भरीव, रसाळ चव लागते, जिला जपानी लोक उमामी म्हणतात, तिचा हा एक मोठा आधार. १९०८ मध्ये इकेदा किकुनाए यांनी शेवाळाच्या रसात ग्लुटामेट शोधलं आणि या चवीला उमामी नाव दिलं. १९१३ मध्ये कोदामा शिन्तारो यांनी सुकवलेल्या कुप्याच्या जातीच्या माशात इनोसिनिक आम्ल दाखवून दिलं. नुकताच मारलेला चपटा पांढरा मासा कडक लागतो आणि चवीला फिका असतो. तोच नीट रक्त काढून, गार जागी गुंडाळून एखाद-दोन दिवस ठेवला तर गोडी येते. मोठा कुपा तर त्याहून जास्त दिवस ठेवतात.

आपल्या भाषेत सांगायचं तर मासा शिळा होऊ न देता मुरवायचा. लोणच्याचं जे, तेच याचं. म्हणून बाजार शेजारी असणं ही सोय आहे, गुण नव्हे. दाराबाहेर 'आज सकाळचा मासा' अशी इंग्रजी पाटी दिसली तर ती प्रवाशांसाठी लावलेली आहे एवढं समजा.

रांग, तारे आणि आकडे

दुकान शोधायला निघालो की आपण पहिल्यांदा मोबाईल काढतो. काढावा. पण आकडे वाचायचे कसे ते माहीत हवं. आपल्याकडे ४.५ च्या खालच्या हॉटेलाकडे कुणी ढुंकून पाहत नाही. जपानी लोक ताबेलॉग नावाची सेवा वापरतात आणि तिथे पाचपैकी ३.५ च्या वर गेलेलं दुकान चांगलंच मानलं जातं. ४ च्या वर फार थोडी. ३.३ आकडा पाहून नाक मुरडलंत तर गल्लीतलं चांगलं दुकान हुकलं म्हणून समजा. उलट प्रवाशांनी भरभरून ४.८ दिलेलं दुकान कदाचित फक्त इंग्रजी मेनूमुळे आणि हसतमुख स्वागतामुळे वर गेलेलं असतं. ते वाईटच असेल असं नाही, पण आकडा सुशीबद्दल बोलत नसतो.

तारांकनाचं तसंच. गिंझाच्या एका तळघरातलं सुकियाबाशी जिरो हे दुकान २०११ च्या माहितीपटामुळे जगभर गाजलं. मिशेलिनच्या तोक्यो मार्गदर्शिकेच्या पहिल्याच आवृत्तीत, २००७ मध्ये, त्याला तीन तारे मिळाले होते. २०१९ मध्ये त्या मार्गदर्शिकेनं त्याचं नाव वगळलं. सुशी बिघडली म्हणून नव्हे, सर्वसामान्य माणसाला तिथे थेट जागा राखून ठेवता येत नाही म्हणून. जिथे जाताच येत नाही ते आपल्यासाठी 'सर्वोत्तम' कसं असणार?

आणि किंमत? ५ जानेवारी २०१९ ला तोयोसूच्या नववर्षाच्या पहिल्या लिलावात २७८ किलोचा एक कुपा ३३ कोटी ३६ लाख येनला गेला. घेणारी होती सुशीझान्माई ही दुकानांची साखळी. तिचं मुख्य दुकान त्सुकिजीतच आहे. त्या एका माशाची चव इतर चांगल्या माशांहून हजार पट चांगली होती असं कुणी म्हणणार नाही. नववर्षाचा शकुन आणि जाहिरात, दोन्हींचा तो भाव होता. सुशीझान्माईत जरूर जा, रात्री-अपरात्री भूक लागली तर बरं ठिकाण आहे, पण लिलावाचा आकडा मनात धरून जाऊ नका.

राहिली रांग. रांगेत कोण उभं आहे ते पाहा. सगळ्यांच्या पाठीवर पिशव्या आणि हातात कॅमेरे असतील तर ती रांग कुठल्यातरी चित्रफितीमुळे लागलेली. दोन पावलं पुढे, गमबूट घातलेला बाजारातला माणूस किंवा कचेरीतली दोन मंडळी पडदा सारून आत शिरताना दिसली, तर तिथे थांबा.

दाराबाहेरून काय पाहायचं

माझी सगळ्यात भरवशाची युक्ती अगदी साधी आहे. जे सुशी विकत नाहीत त्यांना विचारायचं. सुरीच्या दुकानात सुशीवाले धार लावायला येतात, नोरीच्या दुकानातून त्यांचा माल जातो, चहावाल्याचा चहा त्यांच्याकडे उकळतो. कोण कसलं सामान नेतो हे यांना पक्कं ठाऊक. पण 'चांगलं दुकान कुठलं?' असं विचारू नका, ते शेजारधर्म पाळून चार नावं सांगतील. 'तुम्ही स्वतः कुठे जेवता?' असं विचारा. मोडक्या जपानीतही हा प्रश्न पोचतो.

मग सुटीची पाटी बघा. घाऊक बाजार रविवारी आणि बऱ्याच बुधवारी बंद असतो. ज्या छोट्या दुकानाची सुटी बाजाराच्या सुटीशी जुळते तिथला मालक बहुधा स्वतः बाजाराच्या तालावर चालतो. बाहेरच्या बाजारातली कितीतरी दुकानं पहाटे उघडून दुपारी दोनच्या सुमारास आवरायला घेतात. तेव्हा सकाळी दहा-अकराला पोचा. जेवणाच्या गर्दीआधी कारागिरालाही दोन शब्द बोलायला वेळ असतो.

ऋतूचे मासे लिहिलेली पाटी असते. हातानं लिहिलेली आणि रोज पुसली जाणारी असेल तर उत्तम. उन्हाळ्यात आजी नावाचा छोटा मासा आणि वाम, शरदात परतीचा कात्सुओ, थंडीत बुरी आणि चपटा हिरामे, असा क्रम असतो. आपल्याकडे पावसाळ्यात मासेमारी बंद असताना पापलेटाचा आग्रह धरणारा गिऱ्हाईक जसा हसं करून घेतो, तसंच तिकडेही आहे. पाटीवर भावाच्या जागी 'जिका' अशी दोन अक्षरं दिसली तर त्याचा अर्थ 'आजचा भाव'. खिसा हलका असेल तर विचारल्याशिवाय तो पदार्थ मागवू नका.

पैशांचा अंदाजही देऊन ठेवतो. शंभर येन म्हणजे साधारण ५५ ते ६० रुपये धरा. फिरत्या पट्ट्याच्या दुकानात शंभर-सव्वाशे येनपासून थाळी मिळते. हा फिरता पट्टा १९५८ मध्ये ओसाकाला शिराइशी योशिआकी यांनी सुरू केला. त्सुकिजीत दुपारचं ठरलेलं ताट दोन ते चार हजार येनला पडतं. त्यात नामी, जो आणि तोकुजो, म्हणजे साधं, वरचं आणि खास, अशा पायऱ्या असतात. रात्रीचं ओमाकासे, म्हणजे 'तुमच्यावर सोपवलं, काय हवं ते द्या', हे गिंझाच्या नावाजलेल्या दुकानात वीस-तीस हजारांच्या पुढे जातं. विद्यार्थ्यानं दुपारचं 'जो' ताट घ्यावं. बरेचदा कारागीर तोच, हात तोच, भाव मात्र रात्रीच्या काही अंशाचा.

आत बसल्यावर

शक्यतो काउंटरवर बसा. समोर हात चालताना दिसतात. अत्तर लावून जाऊ नका, बंद खोलीत वास बसतो. सुशी समोर ठेवली की लगेच खा, हातानं खाल्ली तरी चालते. आणि आता जीभ कामाला लावा.

पहिली परीक्षा भाताची. सुशी या शब्दाचा रोखच मुळी आंबट भाताकडे आहे. चांगल्या दुकानातला भात फ्रीजमधला गार नसतो, अंगाच्या ऊबेइतका कोमट असतो. मूद बोटांत धरली की सुटत नाही, तोंडात गेली की शितं मोकळी होतात. मूद घट्ट चिकटली तर हात कच्चा, बशीतच फुटली तरी कच्चा. भाताचा रंग किंचित तांबूस दिसला तर गोंधळू नका. साके या मद्याच्या चोथ्यापासून केलेलं तांबडं व्हिनेगर घातलं की असा रंग येतो. एदोतल्या जुन्या सुशीला हेच लागायचं. गोव्यात माडाच्या सुरेचा विनागर वापरणाऱ्या घरात जो वाढला त्याला या दोन व्हिनेगरांतला फरक सांगावा लागणार नाही.

दुसरी परीक्षा कोहादा. हा खाडीतला छोटा, काटेरी, स्वस्त रुपेरी मासा. आधी मीठ, मग व्हिनेगर. किती वेळ, हे माशाच्या आकारावर, चरबीवर आणि त्या दिवसाच्या हवेवर ठरतं. कमी ठेवला तर उग्र वास, जास्त ठेवला तर नुसतं आंबट चामडं. महागडा चरबीदार कुपा पैसे टाकून विकत आणता येतो, चांगला कोहादा हातानंच करावा लागतो. गंमत म्हणजे कुप्याचा जो चरबीचा भाग आज सोन्याच्या भावानं जातो तो एदोत कुणी विचारत नसे, लवकर खराब व्हायचा म्हणून.

तिसरी परीक्षा अंड्याच्या ऑम्लेटची, असं पुस्तकांत लिहिलेलं असतं. त्सुकिजीत ती जपून वापरा. इथे यामाचोसारखी फक्त ऑम्लेटांचीच दुकानं आहेत आणि कितीतरी सुशीवाले पूर्वीपासून अशा दुकानांतून ऑम्लेट आणतात. तेव्हा चांगलं ऑम्लेट म्हणजे शेजारी चांगला, इतकंच सिद्ध होतं.

वासाबीकडेही लक्ष द्या. खरी वासाबी वाहत्या गार पाण्यात वाढते, सुगंध कोवळा असतो, किसल्यावर काही मिनिटांत तो उडतो. ट्यूबमधल्या हिरव्या गोळ्यात बऱ्याचदा दुसऱ्याच एका तिखट मुळाचा कीस आणि रंग असतो, तो थेट नाकात जातो. आणि साल्मन नसलेलं दुकान पाहून निराश होऊ नका. कच्चा साल्मन सुशीवर आला तो १९८० च्या दशकातल्या नॉर्वेच्या खटपटीनंतर. जुन्या वळणाची काही दुकानं तो आजही ठेवत नाहीत.

एक दुपार

हे सगळं पारखून घ्यायची वेळ ताई आली तेव्हा आली. ताई म्हापशाला शिक्षिका. कल्ले उघडून पाहिल्याशिवाय कोळिणीच्या हाती पैसे न ठेवणारी. चार दिवसांसाठी तोक्योला आली होती आणि तिच्यासाठी मी साठवलेले पैसे एकाच जेवणापुरते होते. सुरीवाल्या आजोबांनी सांगितलेल्या दुकानात गेलो. नऊ स्टुलं. नवरा सुशी वळतो, बायको चहा देते. 'जो' ताट, माणशी साडेतीन हजार येन.

"हा शिळा नाही ना रे?" कुप्याचा गडद रंग पाहून ताईनं मराठीत विचारलं.

"मुरवलाय. खा तर."

कोहादा तोंडात टाकून ती थांबली. "हा आधी खारवलाय, मग विनागरात घातलाय. आपल्या पाऱ्यासारखा. तिखट घालायला विसरलेत एवढंच."

मी हे जपानीत सांगितल्यावर तो म्हातारा कारागीर मनापासून हसला. कसला विनागर, असं त्यानं विचारलं. ताईनं हातवारे करून माड दाखवला, वर चढणारा माणूस दाखवला, मडकं दाखवलं. त्यानं आतून तांबड्या व्हिनेगरची बाटली आणून तिला वास दिला. मग वाम आली, इतकी मऊ की ताईचा विश्वास बसेना. एकमेकांची भाषा न कळणारी दोन माणसं वीस मिनिटं मासा या विषयावर बोलत होती, मी आपला मध्ये दुभाषा.

निघताना मी विचारलं, पुढे दुकान कोण चालवणार? "कुणी नाही," त्यानं सांगितलं, अगदी सहज. आठ महिन्यांनी गेलो तर दाराला कागद चिकटवलेला होता. इतकी वर्षं लोभ ठेवलात, आभारी आहोत, असा मजकूर.

मासे न खाणाऱ्यांसाठी, आणि एक सावधगिरी

मंडळात शाकाहारी मित्र आहेत, त्यांच्यासाठी. काकडीची कप्पामाकी, वाळवलेल्या भोपळ्याच्या पट्ट्यांची कान्प्योमाकी, लोणच्याची शिन्कोमाकी आणि तळलेल्या टोफूच्या पिशवीत भात भरलेली इनारी हे पदार्थ बहुतेक दुकानांत असतात. पण कान्प्यो, इनारी आणि ऑम्लेटात माशाच्या अर्काचं पाणी असू शकतं. कडक शाकाहारी असाल तर काकडीवर भिस्त ठेवा आणि तरीही विचारून घ्या.

सावधगिरी दुसरीच. हे वाचून इथल्या बाजारातला बांगडा आणून घरी सुशी करायला जाऊ नका. समुद्री माशांत अनिसाकिस नावाचे बारीक कृमी असू शकतात. मीठ, व्हिनेगर, वासाबी यांनी ते मरत नाहीत. जपानच्या आरोग्य खात्याची सूचना अशी की मासा उणे २० अंशांत २४ तास किंवा त्याहून जास्त गोठवावा, नाहीतर नीट शिजवावा. घरच्या फ्रीजरच्या भरवशावर हे करू नये. आपला बांगडा हुमणातच शोभतो. मूद वळण्याचा सराव करायचाच असेल तर उकडलेली कोळंबी घ्या.

जाणाऱ्यांना शेवटचं

जुन्या मंडईच्या मोकळ्या जागेवर पन्नास हजार माणसांचं स्टेडियम आणि उंच इमारती उभ्या करायची योजना आहे. २०२४ मध्ये त्यासाठी कंपन्यांचा गट निवडला गेला. काम पुरं होईल तोवर बाहेरच्या बाजाराचं रूप काय असेल ते कुणी सांगावं? मोठ्या साखळ्या टिकतील. नऊ स्टुलांची दुकानं गिऱ्हाईक असेल तर टिकतील, आणि गिऱ्हाईक म्हणजे फोटो काढून जाणारा नव्हे, दुसऱ्यांदा येणारा.

म्हणून माझा सल्ला असा. पहिल्या महिन्यात चार दुकानं पाहा, त्यांतलं एक निवडा आणि दर महिन्याला तिथेच जा. दुसऱ्या खेपेला तो तुम्हाला ओळखेल. चौथ्या खेपेला न विचारता कोहादा पुढे ठेवेल. वर्षभरानं ऋतू कसे फिरतात ते तुम्हाला जिभेवर कळेल. बाजाराच्या एका कोपऱ्यात नामियोके नावाचं छोटं देवस्थान आहे, लाटा थोपवणाऱ्या देवाचं. तिथे सुशीचं, कोळंबीचं, अंड्याचं असे स्मारकशिळा उभारलेले दिसतील, आपल्या पोटासाठी गेलेल्या जिवांचे आभार मानायला. जेवल्यावर पाच मिनिटं तिकडे जाऊन या.

आणि दुकानातून उठताना कारागिराकडे पाहून 'गोचिसोसामा' म्हणायला विसरू नका. 'अन्नदाता सुखी भव' हे आपण जेवणानंतर ज्या भावनेनं म्हणतो, तीच यात आहे.